आईएवढी मोकळी जागा

माझ्या बहिणीचा धंदा म्हणजे लोक कुठे बघतात ते बघणं, आणि माझा धंदा म्हणजे कुणाला दिसणार नाही इतकं पातळ काहीतरी बनवणं. एकाच इमारतीत कामाला आहोत आम्ही. ती वरच्या मजल्यावर, उजेडात. मी तळघरात. चारचौघांत ओळख करून देताना आई म्हणते, "मोठी लोकांच्या डोळ्यांत बघत बसते आणि धाकटा कुणाच्या नजरेतच येत नाही." लोक हसतात. मला तो विनोद कधी आवडला नाही, पण आईचे विनोद आवडून घ्यायचे नसतात, सोसायचे असतात.

ताईकडे एक चष्मा आहे. त्याच्या फ्रेममध्ये बारीक कॅमेरे बसवलेले आहेत, काही डोळ्याच्या बाहुलीवर लक्ष ठेवतात आणि एक समोरचं चित्र घेतो. चष्मा घालणाऱ्याची नजर जिथे टेकली तिथे पडद्यावर ठिपका उमटतो, जास्त वेळ टेकली की ठिपका मोठा होतो. एवढ्या भांडवलावर ताई जगभर भाषणं देत फिरते. माणसाची नजर सरळ फिरत नाही, टोळासारखी उड्या मारते, हे तिनं आम्हाला प्रत्येकाच्या वाढदिवसाला ऐकवलं आहे. जिवंत डोळा एका जागी ठरतच नाही म्हणे. ठरलेला दिसला तर खुशाल समजावं की मशीन बिघडलं.

माझं काम त्या मानानं मुकं. डोक्यापासून पायापर्यंत पांढरा पोशाख चढवायचा, दाढीलासुद्धा पिशवी बांधायची, चिकट पायपुसण्यावर बूट आपटायचे आणि आत जाऊन एका पोलादी पेटीतली सगळी हवा उपसून काढायची. मग त्या पोकळीत प्लास्टिकच्या पडद्यावर धातूचे आणि काचेचे थर बसवायचे, एकावर एक, इतके पातळ की त्यांच्यापुढे केसही दोरखंड वाटावा. दिवसभर राबून जे हाती येतं ते रिकाम्या हातासारखंच दिसतं. बाबा एकदा बघायला आले होते. काचेतून बराच वेळ बघून त्यांनी विचारलं, "बरं, मग बनवलंय ते कुठे आहे?"

बाबांचा दोष नाही. त्यांची सगळी नोकरी छापखान्यात गेली, मुद्रितं तपासण्यात. बरोबर असलेल्या गोष्टीवर त्यांचा डोळा थांबत नाही. औषधाच्या वेष्टनावरच्या चुका ते लाल शाईनं दुरुस्त करतात आणि मगच गोळी घेतात. निवृत्त झाले तरी नजर निवृत्त झाली नाही. घरात पाऊल टाकलं की गळका नळ, तिरकं कॅलेंडर, भिंतीवरची पाल, हे सगळं त्यांना आधी दिसतं. आई दिसत नाही.

हे मी अलंकारिक बोलत नाही. एके दिवशी दुपारी आम्ही सगळे जेवायला बसलो होतो. आई बाबांच्या पुढ्यात उभी राहून त्यांच्याच ताटात भाजी वाढत होती, आणि बाबांनी मला विचारलं, तुझी आई कुठे गेली रे? आई म्हणाली, इथेच आहे. बाबा म्हणाले, हां, मग मीठ दे.

आईनं मीठ दिलं. पण जेवण झाल्यावर तिनं आम्हा दोघांना मागच्या दारी नेऊन सांगितलं की या माणसाला मी दिसत नाही. मी हसलो, आणि लगेच पस्तावलो, कारण तिच्याकडे पुरावे तयार होते. उन्हाळ्यात तिनं लांब केस कापून मानेपर्यंत आणले होते. बाबांना पत्ता नव्हता. चष्म्याची फ्रेम बदलली, तेही नाही. शेवटी एकदा ती भर घरात छत्री उघडून त्यांच्यासमोर उभी राहिली. बाबांनी वर्तमानपत्रातून मान वर केली आणि म्हणाले, घरात छत्री कुणी उघडी ठेवलीय, मिटा ती. छत्री दिसली, छत्री धरणारी दिसली नाही. हे ऐकून आम्ही तिच्याकडे न बघता एकमेकांकडे बघितलं.

चारचौघांसारख्या घरात अशा वेळी पोरांनी बापाला बाजूला घेऊन चार शब्द सुनावले असते. आमच्या घरात ताई म्हणाली, "मोजून बघू या." आणि मी, माझीही अक्कल तेवढीच, मान डोलावली.

बाबांना सांगितलं की वाचनाच्या संशोधनासाठी एका नामवंत मुद्रितशोधकाची नजर हवी आहे. ते खूश झाले. संमतीपत्रातल्या चुका त्यांनी आधी दुरुस्त केल्या, मग सही केली, आणि दिवसभर तो कॅमेऱ्यांचा चष्मा लावून घरभर वावरले.

संध्याकाळी ताईनं पडद्यावर आमचं घर उघडलं. ठिपकेच ठिपके, गोवर उठावा तसे. नळावर, कॅलेंडरवर, दाराच्या निखळलेल्या कडीवर. पालीचा वाटा सगळ्यात मोठा. आणि स्वयंपाकघरात, ओट्यापाशी, त्या सगळ्या गर्दीत एक कोरी जागा. खांदे, मान, कोपर, हातातल्या झाऱ्याच्या दांड्यासकट, थेट आईच्या आकाराची. आई खिडकीपाशी गेली की ती कोरी जागा खिडकीपाशी जायची. आई तिच्या नेहमीच्या स्टुलावर बसली की जागाही खाली बसायची. बाबांची नजर तिच्या डाव्या कानापर्यंत यायची, उडी मारायची आणि उजव्या कानापलीकडे उतरायची.

"काय स्वच्छ आलंय," ताई म्हणाली. एवढा नीटस निकाल तिला आयुष्यात मिळाला नव्हता. आई शेजारीच बसली आहे हे ती विसरली होती.

आईनं पडद्याकडे बराच वेळ बघितलं. मग म्हणाली, "कंबरेत जरा जाड आलेय मी." आणि उठून आत गेली, आणि माळ्यावरची बॅग खाली काढली.

तिचा निर्णय तिनं बॅग पुसता पुसता सांगितला. येत्या रविवारपर्यंत त्यांनी एकदा, फक्त एकदा, आपणहून माझ्याकडे नीट बघावं. नाही बघितलं तर मी मावशीकडे जाणार, आणि ते चार दिवसांसाठी नाही. मावशीनं अर्धं कपाट रिकामं करूनही ठेवलं होतं. तिला बाबा पहिल्यापासून पसंत नव्हते. आम्ही बाबांना काही सांगायचं नाही, अशी सक्त ताकीद मिळाली. "सांगून बघितलं तर ते बघणं नव्हे, हजेरी झाली," आई म्हणाली. बॅग तिनं उघडीच ठेवली होती.

ताईनं सांत्वन केलं, ते तिच्या पद्धतीनं. म्हणाली, सराईत माणूस वाचतो तेव्हा त्याचा डोळा प्रत्येक शब्दावर थांबत नाही. 'आणि'सारखे शब्द तो ओलांडून जातो. न बघताच त्याला ते कळलेले असतात. हे अज्ञान नव्हे, हे प्रावीण्य आहे.

"म्हणजे मी एवढी वर्षं या घरात 'आणि' होते," आई म्हणाली.

मग आयुष्यात पहिल्यांदा ताई जिना उतरून माझ्या तळघरात आली. तिचं म्हणणं असं, की माणसानं कितीही ठरवलं तरी नजरेच्या कडेला काही झपकन बदललं की डोळा तिकडे जातोच. जनावराचा डोळा आहे तो, त्याला शिष्टाचार नाही. तेव्हा, बारक्या, असं काही बनव की ते आईच्या अंगावर असेल आणि तिनं श्वास घेतला तरी बदलेल. मी म्हटलं, साबणाच्या फुग्यावर रंग का फिरतात माहीत आहे? तिला माहीत नव्हतं; फुग्याचा पडदा माझ्या थरांसारखाच पातळ असतो म्हणून. मला जे बरं वाटलं ते मी लपवलं नाही.

मी एप्रन बनवला. स्वयंपाकाचा साधा एप्रन, पण माझ्या पडद्याचा. थरांची जाडी अशी बेतली होती की तो जरासा हलला तरी निळ्याचा तांबडा आणि तांबड्याचा हिरवा व्हायचा, सळसळत, उकळत्या तेलासारखा. एका रसायनाच्या बाटलीची वाट बघण्यात एक दिवस फुकट गेला आणि एक थर सोलून निघाला म्हणून पुन्हा बसवावा लागला. रविवार डोक्यावर आला होता. तळघरात मी इतक्या तळमळीनं कधी काम केलं नव्हतं, आणि साहेबांना वाटलं मी उपग्रहावर बसवायच्या पडद्यांचं काम लवकर उरकतो आहे.

चाचणी आमच्या इमारतीतल्या उपाहारगृहात घेतली. एप्रन मीच घातला. पेटीतली हवा उपसणारे पंपवाले काका माझ्याकडे बघत बघत दुसऱ्याच्या ताटात जेवले. आमच्याकडे धूळ तपासणारे एक अधिकारी आहेत, त्यांना सगळे धूळसाहेब म्हणतात, नाकावर माशी बसू न देणारा माणूस. ते माझ्यावर डोळे लावून थेट काचेच्या दारावर चालून गेले आणि दार उघडायचं सोडून दाराची माफी मागू लागले. चहावाल्या बाईंनी कप भरल्यावरही ओतणं थांबवलं नाही. ताईनं काहीजणांना तसलेच चष्मे घातले होते; तिच्या पडद्यावर तर एप्रनवर एवढे ठिपके पडले की एप्रन दिसेना.

घरी आईनं तो घातला. शेजाऱ्यांचं मांजर खिडकीत येऊन बसलं ते उठेचना. रस्त्यानं सायकलवरून जाणारा एकजण कुंपणात शिरला. स्वयंपाकघराच्या भिंतींवर रंग नाचत होते आणि मधोमध आई उभी होती, कुकरची शिटी मोजत, चेहरा कोरा ठेवून. पण मी तिला ओळखतो. तिनं केस विंचरले होते.

बाबा आले. नजर मांजरावर गेली, नळावर गेली, भिंतीवर नाचणाऱ्या रंगांवर गेली. "आज ऊन फार येतंय घरात," ते म्हणाले आणि पडदे ओढून गेले.

मी जास्त भडक एप्रन केला. त्यावर बाबांनी, संशोधन म्हणून अजून घातलेल्या कॅमेऱ्याच्या चष्म्यावर आणखी एक काळा चष्मा चढवला आणि ताईचं मोजमापच आंधळं झालं. पालथ्या घड्यावर पाणी. शनिवारी संध्याकाळी आईनं एप्रन काढला, घडी केली आणि माझ्या हातात दिला. छान झाला होता हो, म्हणाली. तिनं माझी समजूत काढावी हे मला फार लागलं.

रविवारी ती निघाली. बाबा बाहेरच्या खोलीत आपल्या खुर्चीत वर्तमानपत्र तपासत होते. ती समोर उभी राहिली, हातात बॅग. म्हणाली, "अहो, मी जाते."

"हं," बाबा म्हणाले. "येताना लाल शाई आण."

मला बाबांचा इतका राग आला की ती शाईची बाटली हाताशी असती तर त्यांच्या डोक्यावर ओतली असती. पण आईची ताकीद होती. मी आईला मावशीकडे सोडलं.

चष्मा काढून घ्यायचं कुणाच्या लक्षात आलं नाही. बाबांची समजूत, संशोधन चालूच आहे. काळा चष्मा त्यांनी काढून ठेवला, कारण म्हणे ऊन कमी झालं होतं. चारेक दिवसांनी ताईनं मला वर बोलावलं. तिचा चेहरा बघून मला वाटलं की कुणीतरी तिचा शोधनिबंध नाकारला.

पडद्यावर आमचं स्वयंपाकघर होतं. ठिपके नेहमीसारखे. आईचं स्टूल रिकामं. आणि त्या रिकाम्या स्टुलावर, बसलेल्या आईएवढी कोरी जागा. बाबांची नजर डावीकडून यायची, उडी मारायची, उजवीकडे उतरायची. तिथे काहीच नव्हतं आणि ते त्या काहीच-नाहीला वळसा घालत होते.

"आता हे बघ," ताई म्हणाली.

आमच्या घरात स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीत यायला एक बोळ आहे. इतका अरुंद की समोरून माणूस आला तर एकाला भिंतीला चिकटावंच लागतं. मी तिथे सगळ्यांना धडकलो आहे. ताईचा तर दात पडला होता तिथे. आई आणि बाबा मात्र कधी धडकल्याचं आठवत नाही, आणि ते का, असा प्रश्न आम्हा दोन संशोधकांना कधी पडला नव्हता.

ताईनं पहिल्याच दिवशी बोळाच्या तोंडाशीही एक कॅमेरा लावला होता; त्या चित्रात बाबा चहाचा कप घेऊन बाहेरच्या खोलीतून बोळाच्या तोंडाशी येतात. थांबतात. पाठ भिंतीला लावतात, पोट आत घेतात, कप डोक्याच्या वर धरतात. कुणी येत नाही. ते तसेच उभे. समोरच्या भिंतीवर ठिपका इकडेतिकडे होत राहतो. किती वेळ ते मी मोजलं नाही, पण कप खाली आला तेव्हा उरलेल्या चहावर साय धरली होती. मग बाबा मागे फिरतात. पुढच्या दारानं बाहेर पडतात, अंगण ओलांडतात, घराला अख्खा वळसा घालून मागच्या दारानं स्वयंपाकघरात शिरतात आणि कप विसळतात.

"रोज," ताई म्हणाली. "प्रत्येक कपाला."

त्या माणसाला आईला वाट दिल्याशिवाय तो बोळ ओलांडताच येत नव्हता. मला रडू येतंय असं वाटलं, म्हणून मी ताईला म्हटलं की तुझ्या पडद्यावर धूळ फार आहे.

आम्ही तो संगणक घेऊन मावशीकडे गेलो, लग्नाची सुपारी घेऊन जावं तसे. मावशीनं बघितलं आणि पहिल्यांदाच बाबांना नावं न ठेवता आत गेली. आईनं दोनदा बघितलं. आम्ही तिच्या डोळ्यांत पाणी येण्याची वाट बघत होतो.

"म्हणजे मी असताना त्यांना जेवढी दिसते," ती म्हणाली, "तेवढीच नसतानाही दिसते. मग मी असून काय उपयोग?"

आम्हा दोघांच्या पदव्यांनी भिंत भरेल, आणि आम्हाला सुचलं ते एवढंच की चित्र पुन्हा लावावं. रिकाम्या स्टुलाला मान, रिकाम्या बोळाला मान, मला काय त्याचं, असं आई पुटपुटली. मग पुन्हा पडद्याकडे वाकली आणि विचारलं, ते बसतात कुठे ते दाखव. ताईनं बाहेरची खोली दाखवली. बाबांच्या खुर्चीवरही एक ठिपका नव्हता. बरोबरच आहे, ताई म्हणाली, आपण बसतो त्या खुर्चीकडे कुणी बघत नाही. वाचत वाचत यायचं, पाठ करायची आणि बसायचं.

आई उठली आणि कपाटातून बॅग काढायला लागली. सामान भरता भरता मावशीला म्हणाली, कप्पा दुसऱ्या कुणाला देऊ नकोस, अजून काही ठरलेलं नाही.

ती मागच्या दारानं घरात शिरली. बोळातून पुढे आली, बॅग तिथेच बोळात ठेवली आणि बाबांच्या खुर्चीत जाऊन बसली. आम्ही दोघं कोपऱ्यात, ताईच्या मांडीवर संगणक, त्यावर बाबांच्या नजरेचा जिवंत ठिपका. बाबा अंगणात होते. ठिपका वर्तमानपत्राच्या ओळींवर उड्या मारत होता.

बाबा पुढच्या दारानं आत आले. दारात क्षणभर थबकले, का ते त्यांनाच ठाऊक. मग वाचत वाचत पुढे आले, वळले, पाठ केली आणि थेट आईच्या मांडीवर बसले.

वर्तमानपत्र खाली पडलं. बाबा उठले आणि मागे वळले. ठिपका जमिनीवर उडाला, पंख्यावर गेला, दारावर गेला, बोळातल्या बॅगेवर टेकला. मग आईच्या चेहऱ्यावर आला आणि तिथे थांबला.

आई खुर्चीतून हलली नाही. मी बोळाकडे बघितलं; बॅग अजून भरलेली होती आणि मावशीचा कप्पा रिकामा होता.

"केस कधी कापलेस?" बाबा म्हणाले.

"उन्हाळ्यात."

बाबा बघत राहिले. "डाव्या कानापाशी एक बट लांब राहिलीय," ते म्हणाले. त्यांचा हात खिशाकडे गेला, लाल पेनाच्या खिशाकडे, आणि मग तो खिसा सोडून आईच्या कानापाशी गेला.

"मला नाही दिसत ती," आई म्हणाली. "तुम्हीच बघा आता."

ठिपका हलत नव्हता. मोठा होत होत त्यानं सगळा पडदा व्यापला, आणि मशीननं शिटी वाजवून सूचना दिली: डोळा हलत नाही, उपकरण बिघडले असावे, तपासून घ्यावे. ताईचा हात सवयीनं बटणाकडे गेला. मी तो धरून ठेवला.

तो सगळा भाग तिनं पुढे संशोधनातून वगळला. नियमच आहे तसा. न हलणारा डोळा जिवंत माणसाचा धरत नाहीत.